अण्णांच्या रिपोर्टमधल्या दोन ओळी

गुहागरला आमच्या आगरात पोफळींना शिंपणं चालू होतं, तेव्हा अण्णांना दरदरून घाम फुटला. छातीत कळ नाही, हात जड नाही. "पित्त झालंय गो," म्हणाले आणि पडवीत आडवे झाले. आईने आमसुलाचं सार दिलं. संध्याकाळी चिपळूणला ईसीजी काढला, तर हार्ट अटॅक. अण्णांचा मधुमेह 14 वर्षांचा. इतक्या वर्षांत नसांना इजा झाली असेल, तर हृदयाचं दुखणं कधी कधी जाणवतच नाही. रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, बसवला आणि अण्णा वाचले.

माझा जीव तुटतो तो सहा महिने आधीच्या रिपोर्टसाठी. एकूण कोलेस्टेरॉल 194, एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, 104. "ठीक आहे," असं आम्हाला सांगितलं गेलं. त्याच कागदावर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 286 होतं, 150 च्या आत हवं होतं. एचडीएल, म्हणजे चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल, 33; पुरुषांना निदान 40 तरी हवं. या दोन ओळींबद्दल कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.

चरबीच्या पेशींना आवर घालणं हे इन्सुलिनचंच काम. अण्णांच्यासारख्या मधुमेहात शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की तिथली चरबी सुटून यकृतात जाते, आणि यकृत ती ट्रायग्लिसराइडने भरलेल्या कणांतून परत रक्तात सोडतं. हे कण ट्रायग्लिसराइड देऊन एचडीएल-एलडीएलच्या कणांकडून कोलेस्टेरॉल घेतात. त्यात एचडीएल घटतं आणि एलडीएलचे कण बारीक, घट्ट होतात.

आईला मी बाजारातलं उदाहरण दिलं. एक किलो कोलंबी आणि एक किलो जवळा. वजन तेवढंच, पण जवळ्याचे नग मोजता येतील का? रिपोर्टमधलं एलडीएल म्हणजे कोलेस्टेरॉलचं वजन. रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसतात ते नग, म्हणजे कण. आई म्हणाली, "म्हणजे 104 ला काही अर्थच नव्हता?" अर्थ होता, पण अपुरा.

आता रात्री कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी, जेवताना भाताची एकच मूद, बांगडा तळलेला नाही, कालवणातला. साखरेचा चहा सुटायला मात्र फार दिवस लागले.

एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, हे मी अण्णांना शिकवलं. मधुमेहात ते निदान 130 च्या आत हवं, हार्ट अटॅकनंतर तर 100 च्याही आत; तेव्हा 161 होतं. परवा नवा रिपोर्ट आला. अण्णांनी चष्मा लावला, कालनिर्णयच्या मागे पेन्सिलीने वजाबाकी मांडली आणि मला हाक मारली, "118 येतंय. तू एकदा बघ."