बालवाडीची शोधाशोध संपली

आज लेकीला घेऊन पालकांनी मिळून चालवलेल्या बालवाडीत दोन तास बसून आलो. शिक्षिका एकच, त्यांच्या मदतीला त्या दिवशी ड्यूटी असलेले दोन पालक. हिशेब, साफसफाई, खेळण्यांची डागडुजी, अगदी शिक्षिकेची नेमणूकसुद्धा पालकांकडेच.

एक बाबा गुडघ्यांवर बसून सांडलेला रंग पुसत होते. त्यांचाच मुलगा त्यांना बिलगून रडत होता, कारण आज बाबा सगळ्यांचे होते ना! त्यांनी फडक्याचं एक टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी मिळून फरशी पुसली. मला भरूनच आलं.

न्यूझीलंडमध्ये १९४१ पासून पालक अशी केंद्रं चालवतात, हे वाचून माहीत होतं. प्रत्यक्ष आज पाहिलं.

महिन्यातून दोन दिवस रजा टाकावी लागेल, मीटिंगा होतील, मतभेदही होतील. नवरा म्हणाला, "एक दिवस तुझा, एक माझा."

लेक माझं बोट सोडून वाळूत कधी जाऊन बसली, कळलंच नाही. निघताना हलायला तयार नव्हती. घरी आल्या आल्या फॉर्म भरला. 'मुलांना काय शिकवू शकाल?' या रकान्यात मी शिवणकाम लिहिलंय.