हॉलंड, नेदरलँड्स आणि वलंदेज

आज्ञापत्र या मराठेशाहीतील राजनीतीवरच्या ग्रंथात टोपीकर सावकारांची नावे येतात, तेथे फिरंगी, इंग्रज आणि फरासीस यांच्या जोडीला वलंदेजही, म्हणजे डच लोकही, आहेत. हा शब्द पोर्तुगीज ‘होलांदेस’वरून आपल्याकडे आला, म्हणजे वेंगुर्ल्याला वखार घालणाऱ्या त्या व्यापाऱ्यांना आपण तेव्हापासूनच हॉलंडवाले म्हणत आलो आहोत. त्यात फारसे गैर नव्हते, कारण १७९५ पर्यंत टिकलेल्या सात प्रांतांच्या त्या प्रजासत्ताकात पैसा आणि दर्यावर्दी व्यापार यांत हॉलंड प्रांतच सर्वांवर भारी होता. १८४० मध्ये या प्रांताचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि आजच्या बारा प्रांतांपैकी हॉलंड हे नाव केवळ या दोघांचे आहे. लिंबर्ग या दुसऱ्या प्रांतातल्या माणसाला हॉलंडचा म्हणणे म्हणजे नागपूरकराला कोकणी म्हणण्यासारखे आहे. तरीही फुटबॉलच्या मैदानावर तिथले प्रेक्षक स्वतःच हॉलंडच्या नावाने गजर करतात, त्यामुळे बोलण्यात ते नाव वापरणाऱ्याला मी दोष देणार नाही.

खरा गुंता ‘नेदरलँड्स’ या नावातच आहे. नेदरलँड्स हा एक देश आहे आणि तो ज्या राज्याचा घटक आहे, त्या राज्याचे नावही ‘नेदरलँड्सचे राज्य’ असेच आहे. १० ऑक्टोबर २०१० रोजी नेदरलँड्स अँटिल्स हा कॅरिबियन बेटांचा घटक देश विसर्जित झाल्यापासून या राज्यात चार देश आहेत: युरोपातील नेदरलँड्स आणि कॅरिबियन समुद्रातील अरूबा, कुरासाव व सिंट मार्टेन. उरलेली बोनेर, साबा आणि सिंट युस्टेशियस ही बेटे मात्र स्वतंत्र देश झाली नाहीत. ती थेट नेदरलँड्समध्ये विशेष नगरपालिका म्हणून सामील झाली, पण युरोपीय संघाच्या बाहेरच राहिली आणि तेथे युरोऐवजी अमेरिकी डॉलर चालतो. सिंट मार्टेन हे तर अर्धेच बेट आहे. उत्तरेकडचा भाग फ्रान्सचा असल्यामुळे तो युरोपीय संघात मोडतो.

या सहा बेटांची वर्गवारीही गमतीची आहे. डच भाषेत व्हेनेझुएलाजवळची अरूबा, बोनेर आणि कुरासाव ही वातविमुख (वाऱ्याच्या आडोशाची) बेटे, तर ईशान्येकडची बाकीची तीन वातसन्मुख (वाऱ्याला सामोरी) ठरतात. इंग्रजी नकाशात मात्र हीच तीन बेटे वातविमुख गटात टाकलेली असतात, कारण अटलांटिकचे व्यापारी वारे झेलणारी बेटांची अख्खी रांग डच लोक वातसन्मुख मानतात आणि इंग्रज त्याच रांगेचे उत्तर व दक्षिण असे दोन तुकडे करून उत्तरेकडच्या तुकड्याला वातविमुख म्हणतात. दोन्ही भाषांतील पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्याचा गोंधळ उडाला नाही तरच नवल.

प्रश्नमंजूषा तयार करणाऱ्यांनी तर विशेष जपावे. नेदरलँड्समधील सर्वांत उंच ठिकाण कोणते, याचे ३२२ मीटर उंचीचे फाल्सरबर्ख हे जुने उत्तर आता फक्त युरोपीय भागापुरते खरे आहे. संपूर्ण देशाचा विचार केल्यास तो मान साबा बेटावरील माउंट सीनरी या साडेआठशे मीटरहून उंच ज्वालामुखीकडे जातो.