वायंगणीच्या नळाजवळची बाटली

काकींच्या अंगणातल्या नळाशेजारी एका खिळ्याला जुनं फडकं लटकत होतं आणि खाली कट्ट्यावर खोबरेल तेलाची अर्धी बाटली. आंबोलीत धुकं लागल्यामुळे आम्ही रात्री फार उशिरा पोचलो होतो. पाय धुताना मला वाटलं, न्हायला बसलेलं कुणीतरी विसरलं असेल. बाटली उचलून आत ओटीवर नेऊन ठेवली. सकाळी बघते तर ती परत नळापाशी!

मेचा शेवटचा आठवडा म्हणजे कोकणात जायची चुकीची वेळ, असं मला चार जणांनी सांगितलं होतं. घाम, गर्दी, आंबे संपत आलेले. मला मात्र हेच दिवस आवडतात. वारा फिरलेला असतो, समुद्राने हिरवानिळा रंग टाकून मातकट रंग धरलेला असतो, आणि वेंगुर्ल्यापलीकडे वायंगणीला तर माणूसही कमी. लेकीला घेऊन सहा वाजताच किनाऱ्यावर गेले.

ओहोटी लागली होती. ओल्या वाळूवर खेकड्यांची रांगोळी पडली होती. बोटाच्या पेराएवढे हे खेकडे ओहोटीला बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घालतात, कणांना चिकटलेलं शेवाळासारखं काहीबाही तेवढं खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. मोहरी ते वाटाण्याएवढ्या हजारो गोळ्या, बिळाभोवती किरणांसारख्या मांडलेल्या. भरती आली की सगळं पुसलं जातं. आम्ही उकिडव्या बसून किती वेळ ते बघत होतो कोण जाणे.

मग लेक म्हणाली, "आई, या खेकड्यांनी काळ्या पण केल्यात."

भरतीच्या रेषेवर, सुरूच्या काटक्या आणि प्लास्टिकच्या बुचांमध्ये काळे गोळे पडले होते. काही सुपारीएवढे, काही चपटे, पेढ्यावर अंगठा दाबावा तसे. वरून वाळू लागलेली, त्यामुळे दगडच वाटावेत. ऊन चढलं तसे ते मऊ पडायला लागले आणि परतताना लेकीचा पाय बरोब्बर एकावर पडला. समुद्राच्या पाण्याने निघेना, वाळूने घासलं तर आणखी पसरलं. माझ्या बोटांना, तिच्या फ्रॉकला, सगळीकडे डांबर.

काकी अंगणातच होत्या. त्यांनी एकदा पायाकडे बघितलं. "घासू नका. आदी तेल लावा." खोबरेल चोळलं, डांबर सुटलं, फडक्याने पुसून काढलं. दोन मिनिटांचं काम. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की बाटलीची जागा ओटीवर नाही, नळापाशीच आहे.

हे गोळे म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाची बेरी. लोणी कढवलं की शेवटी तळाशी जे उरतं, तसंच. तेलातला हलका भाग उडून जातो, उरलेलं जड तेल पाणी पिऊन घट्ट होतं, लाटा आणि ऊन त्याचे तुकडे करतात. एरवी ते खोल समुद्रातच तरंगत राहतं. पण मे महिन्यात वारं नैऋत्येकडून वाहायला लागलं की वर्षभराचा हिशेब किनाऱ्याला येऊन लागतो. गोव्यातले पेपर याला 'तेलगोळे' म्हणतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बोटांचे ठसे जुळवावेत तशी या गोळ्यांची रासायनिक ओळख पटवून बघितली. काही बॉम्बे हायच्या, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या, तेलाशी जुळले, तर काही तेलवाहू जहाजांच्या टाक्या धुतलेल्या पाण्यातून आले असावेत असं निघालं. किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या आत असं धुवण सोडायला आंतरराष्ट्रीय कायद्याने बंदी आहे. पण रात्रीच्या अंधारात, भर समुद्रात बघायला कोण असतं?

संध्याकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. दोरावर वीसेक माणसं, त्यात म्हाताऱ्या बायाही. जाळं वाळूवर आलं तेव्हा थोडी तारली, दोनचार बांगडे, आणि जाळ्याच्या कडेला काळे डाग. तात्यांनी, म्हणजे रापणीवरच्या सगळ्यांत वयस्क गृहस्थांनी, तो भाग खेचून बाजूला काढला. पूर्वी रॉकेलने धुवायचे, आता रॉकेल मिळतंय कुठे? फार माखला तर तेवढा तुकडा कापायचा आणि नवीन जोडायचा. तक्रार कुठे करता, असं मी विचारलं. ते हसले. "कोणाच्या नावान करू? ह्यां दर वर्सा येता."

मला २०१० आठवलं. तेव्हा मी नोकरीमुळे नवी मुंबईत होते. ७ ऑगस्टला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली आणि सुमारे ८०० टन तेल सांडलं. ऐन गटारीच्या तोंडावर! मासळी बाजारात शुकशुकाट, कोळणींच्या पाट्या भरलेल्याच राहायच्या. महिनाभराने उरणकडे गेले तर खाडीतली तिवरं गुडघाभर काळी. तिवरांची मुळं चिखलातून वर येऊन हवा घेतात. त्यांच्यावरच तेलाचा थर बसला की झाड उभ्या उभ्या गुदमरतं. पण निदान तेव्हा जहाजांना नावं होती. पुढच्याच वर्षी मुंबईजवळ एमव्ही राक हे जहाज बुडून तेल गळलं, तर त्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, २०१६ मध्ये १०० कोटींच्या भरपाईचा आदेश दिला. वायंगणीच्या गोळ्यांना नाव नाही, तारीख नाही. त्यामुळे इथे तेलगळती ही बातमी होत नाही. ती फणस पिकण्यासारखी, वळिवासारखी येते.

वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्यासाठीच खरं तर आम्ही या गावाचं नाव ऐकलं होतं. यंदाची पिल्लं आम्ही यायच्या आधीच समुद्रात गेली होती. काकी म्हणाल्या, बरं झालं, गोळे यायच्या आत गेली. मी मान डोलावली, पण मनातून पटलं नाही. समुद्रात जिथे प्रवाह एकमेकांना भेटतात तिथे शेवाळ, काड्या, कचरा आणि तेलाचे गोळे एकाच पट्ट्यात जमतात, आणि इवल्या पिल्लांचं खाणंही त्याच पट्ट्यात असतं. तरंगतं ते खायचं, एवढंच त्यांना कळतं. हे काकींना सांगावंसं वाटलं आणि नाहीही. त्या रोज पहाटे घरटी बघायला जाणाऱ्या बाई, त्यांना मी काय शिकवणार?

निघायच्या दिवशी लेक पुन्हा खेकडे बघायला धावली. बराच वेळ खाली वाकून होती. "इथे गोळ्या नाहीयेत," म्हणाली. काळा पट्टा जिथे वाळूत मुरला होता, तेवढ्या जागेत एकही बीळ दिसेना. चार पावलांवर रांगोळी पुन्हा सुरू. खेकडे मेले की नुसते सरकले, मला सांगता आलं नाही.

सामान गाडीत ठेवून काकींचा निरोप घेताना मी नळापाशी बघितलं. बाटली संपत आली होती, शेजारी दुसरी भरलेली येऊन बसली होती.

"ही उचलून आत कधी नेता?"

"नारळी पुनव झाली काय भितुर," काकी म्हणाल्या आणि लेकीच्या हातात कोकमांची पुडी दिली.