पूस ना, आई

दुपारी चिमीने सब्ज्याच्या परातीत एक बोट बुडवलं, वर काढून बघितलं आणि माझ्यासमोर धरलं. "पूस ना, आई." पुसलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा "पूस ना". तिसऱ्यांदा परातच बाजूला सारली आणि चित्रांचं पुस्तक घेऊन बसली.

एवढंच झालं. रडली नाही, चिडली नाही. पण तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

बाहेर ४४ अंश. दारं-खिडक्या सकाळी दहालाच बंद. संध्याकाळपर्यंत हिला खाली नेता येत नाही, म्हणून रोज काहीतरी मांडते. ते रंगीत जेलचे मणी मुद्दामच आणले नाहीत, गिळले तर पोटात फुगतात. चिंचोके नाकात घालेल. सब्जा बरा. पाण्यात टाकला की पंधरा-वीस मिनिटांत दाण्यादाण्याभोवती बुळबुळीत काचेसारखं कवच येतं. त्यात बर्फाचे चार खडे, वर मोगऱ्याची फुलं. मलाच कोपरापर्यंत हात घालून बसावंसं वाटत होतं. आणि तिने एक बोट.

'पूस ना' तिला शिकवलं कोणी?

मीच. आंब्याच्या फोडी काट्याने भरवते. कोय चोखायला अजून दिलेली नाही. कणकेचा गोळा दिला तरी शेजारी ओलं फडकं तयार. "थांब, हात घाण झाले" हे मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन?

आम्ही कुरडयांच्या चिकात वाढलो. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा तो आंबूस वास, चोथा पिळताना बोटांमधून निसटणारा पांढरा चीक. त्याला कोणी खेळ म्हणत नव्हतं. पण अंगण होतं, हाताखाली पाच जणी होत्या. मी एकटीच मांडते, एकटीच आवरते. बाबाचा फोन नऊला येतो, तोवर सगळं पुसून झालेलं असतं. जाऊ दे.

बालवाडीच्या कोर्सला शिकलेलं आज आठवत राहिलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे मुलांना न्हाऊमाखू घालणं, नखं कापणं हेही शिक्षणच होतं आणि खेळायला गारगोट्या, शिंपले, बिया, पानं. म्हणजे फडक्याचा दोष नाही. माझ्या घाईचा आहे. तिने अजून म्हटलेलंही नसतं, तोच माझा हात पुढे आलेला असतो.

संध्याकाळी माठ भरताना पाणी खालच्या वाळूत सांडलं. चिमी आली, चपला काढल्या आणि दोन्ही पाय त्या ओल्या वाळूत रोवले. बोटं हलवून बघितली. "गार," म्हणाली. मी इतके दिवस तिच्या हातांच्याच मागे लागले होते, पाय सुचलेच नाहीत. अजून एक तांब्या ओतला. फडकं खांद्यावरच राहू दिलं. वाळूची पावलं पार दिवाणापर्यंत उमटली.

बऱ्याच वेळाने तिने एक पाय वर केला. "पूस ना, आई."

पुसला. दुसरा तिने वाळूतच ठेवला होता.