टाच

वारीत वाल्ह्यापर्यंत पाय धड होते. दिवे घाट, सासवड, जेजुरी कधी मागं पडली कळलं नाही. नीरास्नान झालं आणि लोणंदच्या रस्त्यावर डाव्या टाचेनं दगा दिला. चूक माझीच. रात्री भिजलेले सुती मोजे पहाटे तसेच ओले चढवले. सुती मोजा पाणी सोडत नाही. कातडी मऊ पडते, टाचेखाली चुणी येते आणि पावलागणिक तीच घासत राहते. बाराला चुरचुरलं, दोनला सुपारीएवढा फोड, तीनला मी दिंडीच्या ट्रकात, राहुट्यांच्या गुंडाळ्यांवर.

टाळांचा आवाज विरत गेला तसा राग यायला लागला. पावसाचा, मोज्यांचा, विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्या ड्रायव्हरचा. आळंदी ते पंढरपूर एक पाऊलही गाडीत टाकायचं नाही, असं ठरवून निघालो होतो.

तळावर परभणीकडच्या एका मावशींनी माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मला कुठं बघावं कळेना.

"साखर हाय का तुम्हाला?"

"नाही."

"मंग फोडते. साखरवाल्याचा फोड म्या हातात घेत नाई, डॉक्टरकडं लावून देते."

साबणानं हात धुतले, मग माझी टाच. सुई पाण्यात चांगली उकळलेली. टोचे दोनच, फोडाच्या खालच्या कडेला. वर टोचलं की पाणी तळाशी साचून राहतं. कापसानं हलकेच दाबून पाणी काढलं, पण वरची कातडी राहू दिली. शेजारच्या माऊलींनी आत दोरा ओवून ठेवायचा सल्ला दिला.

"दोऱ्यावाटं घाण आत जाती," मावशी मान वर न करता म्हणाल्या. मग आयोडीनचं मलम, जाळीची पट्टी, वर कागदी चिकटपट्टी.

"ट्रकात बसलो, मावशी. वारी मोडली."

"आमचे मालक वेळापूरलाच गेले, चालता चालता. त्यांची मोडली का पुरी झाली?" उत्तराला त्या थांबल्या नाहीत. चिकटपट्टी दातानं तोडली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

रात्री झोप येईना म्हणून दिंडीची वही चाळली. नाव, गाव, भिशी म्हणजे जेवणखाण्याची वर्गणी. जुन्या पानांवर काही नावांआधी वेगळ्या शाईनं नंतर लिहिलेलं 'वै.', वैकुंठवासी. भिशीचा आकडा तसाच. कोण किती चाललं याचा रकाना कुठंच नाही. 2020 चं पान कोरं होतं. त्या वर्षी खुद्द ज्ञानेश्वर माऊलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. हे आठवलं आणि एकटाच हसलो.

तरडगावचा टप्पा छोटा. चपलेचा मागचा पट्टा ब्लेडनं कापून टाकला, जाड मोजे कोरडे बघून घातले. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं म्हणतात, वारकऱ्यांच्या ओळींमधून घोडा धावला. मला पुढच्याची पताका तेवढी दिसली. थोडं पुढं आमच्या विणेकऱ्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी वीणा उतरवून शेजारच्याच्या गळ्यात घातली, दोघं एकमेकांच्या पाया पडले. अभंगाचं चरण तेवढ्यात कुठंही तुटलं नाही.

टाच ठणकत होती. मावशी चार ओळी पुढं, डोक्यावर तुळस. मागं वळून पाहिलंही नाही त्यांनी.