गॅरेजमधली हवेची लाइन: आधी पाण्याचा विचार

कॉम्प्रेसरची हवा हत्यारांपर्यंत नेणारी लाइन टाकायची म्हटलं की बोलणं पाइपच्या भावापासून सुरू होतं. ते पाण्यापासून सुरू व्हायला हवं, नाशिकमध्ये तर नक्कीच. एप्रिलमध्ये टाकलेली वाईट लाइनसुद्धा इथे चांगली चालते. ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत जेमतेम ९ ग्रॅम वाफ असते. ती हवा ७ बारला (बार हे दाबाचं माप) दाबून ४० अंशांवर आली, तरी सहा-साडेसहा ग्रॅम वाफच राहते, पाणी होतं ते तीनेक ग्रॅम. ऑगस्टमध्ये २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला त्याच घनमीटरमध्ये सुमारे २१ ग्रॅम वाफ असते आणि दाबलेली हवा ३० अंशांवर उतरली की त्यातल्या १७ ग्रॅमचं पाणी होतं. कॉम्प्रेसरने मिनिटाला दीडशे लिटर हवा दिली आणि तो तासभर चालला, तर दीडशे मिलिलिटर पाणी. काही टाकीत साचतं, बाकीचं गरम हवेबरोबर पुढे जातं आणि पाइप जिथे थंड असेल तिथे सुटतं. लाइनची सगळी मांडणी या पाण्याला वाट करून देण्यासाठी असते.

पाइपबद्दल एक गोष्ट ठाम आहे: पीव्हीसी आणि सीपीव्हीसी नको. पाइपवर १० किलो (दर चौ.सेंमीला) दाब छापलेला दाखवून दुकानदार आग्रह करेल. तो आकडा पाण्यासाठी आहे, आणि पीव्हीसीच्या बाबतीत २७ अंश तापमानासाठी. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पाण्याचा पाइप फुटला की दाब तिथेच संपतो. हवा दाबलेली असते, ती सुटताना ठिसूळ प्लॅस्टिकचे तुकडे डोळ्यांच्या उंचीवरून उडवते. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेने १९८८ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. पत्र्याच्या छताखाली मे महिन्यात पाइप किती तापतो, हे लक्षात घेतलं तर इथे धोका आणखी मोठा.

घरच्या गॅरेजला चार सुती, म्हणजे अर्धा इंची, बी क्लास (मध्यम जाडीचा) जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप योग्य. आतून कालांतराने गंजतो हे खरं, पण तो गंज फिल्टर अडवतो. कपलरला, म्हणजे होज पटकन जोडायच्या-काढायच्या तोंडाला, रोज बसणारे हिसके जीआय सहज सोसतो, आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक भागात मापाने कापून आटे पाडून मिळतो. अॅल्युमिनियमची तयार प्रणाली उत्तम, पण महाग. पीयूची (पॉलियुरेथेन प्लॅस्टिकची) ८ मिमीची निळी नळी मुख्य लाइनला वापरू नका. तिचं आतलं भोक ५ मिमीच्या आसपास असतं. तेवढीच हवा तेवढ्याच लांबीतून न्यायची, तर भोकाचा व्यास निम्मा झाल्यावर दाबातली घट सुमारे ३२ पट होते. मग गेजवर ७ बार दिसतात आणि इम्पॅक्ट गन नट सोडवत नाही. शिवाय उष्णतेत पीयूची दाब सोसायची क्षमताही उतरते.

आता मांडणी. गॅरेज १० बाय २० फुटांचं धरू. कॉम्प्रेसर मागच्या कोपऱ्यात रबर पॅडवर ठेवा. रो-हाउसमध्ये शेजारच्यांशी भिंत सामाईक असेल, तर ती भिंत टाळा. टाकीच्या तोंडाशी बॉल व्हॉल्व्ह, पुढे मीटरभर रबरी होज, दोन्ही टोकं क्रिंप केलेली, २० बारची. टाकीला थेट जीआय जोडला, तर थरथरीने काही महिन्यांत आटे सैल होतात. होज भिंतीवरच्या टीच्या (तीन तोंडांच्या जोडाच्या) बाजूच्या तोंडात जाते: त्या टीचं खालचं तोंड ड्रेन व्हॉल्व्हला, वरचं उभ्या पाइपला. उभ्या पाइपात सुटलेलं पाणी तिथेच खाली येतं.

सात फुटांवर आडवी लाइन, कॉम्प्रेसरपासून लांब जाताना मीटरमागे १ सेंमी उतार. सहा मीटरला ६ सेंमी. हा उतार डोळ्यांनी नाही, गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने घ्या. क्लॅम्प सव्वा ते दीड मीटरवर, नाहीतर पाइप मध्ये झोळतो आणि त्या झोळात पाणी थांबतं. लाइनचं शेवटचं टोक खाली वळवून ड्रेन व्हॉल्व्हने बंद करा, त्याला हत्यार जोडू नका.

हवा घ्यायची ती आडव्या लाइनच्या वरून. टीचं तोंड आकाशाकडे, त्यावर निपल (दोन्हीकडे आटे असलेला छोटा तुकडा), एल्बो (काटकोनी जोड), पुन्हा एल्बो, मग खाली उतरणारा पाइप. पाणी तळाशी वाहतं, हवा वरून वळते. तोंड खाली केलेली टी ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. तिच्यामुळे फिल्टर रोज भरतो. उतरत्या पाइपातही कपलरची टी तळापासून किमान १५ सेंमी वर, खाली ड्रेन.

खाली उतरणारे असे दोन पाइप पुरतात, एक वर्कबेंचपाशी, एक शटरपाशी टायरसाठी. एवढ्याला सहा मीटरच्या तीन लांब्या, पाच टी, सहा एल्बो, दोन युनियन, सात बॉल व्हॉल्व्ह आणि निपल लागतात. युनियन, म्हणजे मधूनच सोडवता येणारा जोड, विसरू नका, नाहीतर एक गळका सांधा सोडवायला पूर्ण लाइन उलटी सोडवावी लागेल.

कापलेल्या टोकाच्या आत उरलेली खरबरीत धार गोल कानसीने काढा, पाइप उभा आपटून कीस झाडा. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने चार-पाच वेढे, पहिला आटा मोकळा. टेपचा तुकडा आत गेला की दाब ठरवणारा रेग्युलेटर अडकतो. फिटिंग्ज बीएसपी (ब्रिटिश मापाच्या आट्यांच्या) घ्या. आयात केलेल्या हत्यारावर एनपीटी (अमेरिकी मापाचे आटे) असू शकतं. अर्धा इंचीला दोन्हींचे इंचात १४ आटे असल्याने ते जुळल्यासारखे वाटतात, पण पाव इंचीला १९ आणि १८. एक-दोन फेऱ्यांनंतर पाना जोर मागू लागला, तर तिथेच थांबा.

फिल्टर-रेग्युलेटर कॉम्प्रेसरला चिकटून लावू नका. फिल्टर थेंब पकडतो, वाफ पकडत नाही. सहा-सात मीटर पाइपात हवा निवली की मगच त्याला काम मिळतं. लुब्रिकेटर (हवेत तेल सोडणारा) फक्त हत्यारांकडे उतरणाऱ्या पाइपावर. लुब्रिकेटरनंतरची होज पेंटच्या कामाला परत वापरू नका, तेलाचा अंश रंगात खड्डे पाडतो. थिनरच्या वाफेने फिल्टरची पारदर्शक वाटी तडकते, म्हणून धातूचं कवच असलेली घ्या.

सॉकेट लांब असेल, तर एक्स्टेन्शन बोर्ड नको, हवेची होज लांब घ्या. व्होल्टेज पडलं की मोटर सुरू होताना अडते आणि तापते. दोन एचपीला स्वतंत्र १६ अँपिअर सॉकेट, किमान २.५ चौ.मिमी तांब्याची वायर.

फिल्टर बसवण्याआधी लाइन मोकळी फुंकून घ्या. मग दाब २, ४, ८ बार असा टप्प्याने वाढवा आणि प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा. शेवटी कॉम्प्रेसर बंद करून टाकीवरचं गेज बघा. १०० लिटरच्या टाकीत १० मिनिटांत १ बार उतरला, तर मिनिटाला १० लिटर हवा वाया जाते आहे. आता टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा मोजा. तरीही उतरत असेल, तर गळती कॉम्प्रेसरच्या चेक व्हॉल्व्हमध्ये (हवा उलटी न जाऊ देणाऱ्या झडपेत) किंवा टाकीच्या ड्रेनमध्ये आहे, तुमच्या पाइपात नाही.