रॉडवरची वीण, पट्टा तिसरा: लिहिलेला नमुना वाचताना

मासे धरायच्या रॉडच्या दांडीवर मी धाग्यांनी नक्षीचे पट्टे विणते. त्यातला तिसरा पट्टा काल संपला. पहिल्या दोन पट्ट्यांना मी चौकटींच्या कागदावरचं चित्र बघत विणत होते. या वेळी ठरवून फक्त आकड्यांत लिहिलेला नमुना घेतला. चित्रात घर चुकलं तर डोळ्याला लगेच कळत नाही. आकड्यांच्या ओळीत चूक लपत नाही, पण ओळ वाचायची सवय लागायला वेळ जातो.

मांडणी नेहमीचीच. ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या नुसत्या दांडीवर, लांबीच्या दिशेने ४१ उभे धागे, आणि त्यांना आडवा, दांडीभोवती जाणारा वेढ्याचा धागा. सगळे ए साइझचे म्हणजे बारीक, आणि एनसीपी, म्हणजे रंग जपणारा लेप (कलर प्रिझर्व्हर) न लावताही रंग टिकणारे. (साधा नायलॉनचा धागा आधी कलर प्रिझर्व्हर न लावता इपॉक्सीत, म्हणजे वरून देतात त्या पारदर्शक लेपात, भिजला की काळपट, पारदर्शक होतो, आणि सगळ्या नक्षीचा उठाव जातो.) एका ओळीला एक वेढा. जे धागे सुईने उचलले ते वेढ्याच्या वर राहून दिसतात, बाकीचे वेढ्याखाली झाकले जातात.

माझ्या वहीत शंकरपाळीच्या आकाराची दुसरी ओळ अशी आहे: १९ ख, ३ व, १९ ख. म्हणजे एकोणीस खाली, तीन वर, एकोणीस खाली. तिसरी १८-५-१८. मी आता सुई हातात घेण्याआधी बेरीज करते. ४१ आली तरच उचलायचं.

घोळ झाला तो अर्ध्या लिहिलेल्या नमुन्यात. सममित नक्षी असली की बरेच जण मधल्या धाग्यापर्यंतच लिहितात आणि पुढचं उलट वाचायला सांगतात. मी उलट वाचताना मधला धागाही पुन्हा मोजला. १९-४-१९, बेरीज ४२. शेवटी एक धागा कमी पडला तेव्हा वाटलं, टेपखाली कुठे तरी दबला असेल. तो शोधण्यात एक संध्याकाळ गेली. मधला धागा एकदाच. तेव्हापासून मी तो वहीत गोल करून लिहिते.

दुसरी गोष्ट दिशेची. मूठ डाव्या हाताला आणि टोक उजवीकडे ठेवून मी विणते. नमुन्याची वरची बाजू टोकाकडे धरली, तर त्याची डावी बाजू म्हणजे माझ्यापासून सगळ्यांत लांबचा धागा. मी जवळच्या धाग्यापासून मोजत होते. शंकरपाळीला काही फरक पडत नाही, पण पहिल्या पट्ट्यातला मासा त्यामुळे उलट्या दिशेला पोहत निघाला होता. अक्षरं असती तर आरशातल्यासारखी आली असती. आता पहिली ओळ विणण्याआधी लांबच्या धाग्यावर टेपचा तुकडा लावते आणि त्यावर एक लिहिते.

सगळ्यांत जास्त शिकले ते नमुना उभा वाचून. भरीव शंकरपाळी १ पासून २१ पर्यंत वाढते आणि परत १ वर येते, एकूण २१ ओळी. आडव्या ओळी वाचल्या तर सगळं ठीक दिसतं. पण मधल्या धाग्याचा रकाना वरून खाली वाचा: तो एकवीसही ओळी वरच आहे, कुठेच वेढ्याखाली जात नाही. माझ्याकडे वीस वेढे जेमतेम तीन मिलिमीटर भरतात, तरी एवढ्याशा लांबीतही तो धागा नखाने हलवला की बाजूला सरकत होता, आणि खालचा वेढा उघडा पडत होता. शेवटी सहा ओळी उसवल्या. नंतर दर पाचव्या ओळीत मधला धागा एकदा खाली घातला. तिथे बारीक ठिपका दिसतो, आणि मला तो आवडला. पोकळ शंकरपाळीला (१९-१-१-१-१९, मग १८-१-३-१-१८) हा त्रासच नाही, कारण कुठलाच धागा फार वेळ वर राहत नाही.

आता पट्टा इपॉक्सीत आहे, मोटरवर सावकाश फिरतोय, नाहीतर थर एका बाजूला ओघळेल. पुढच्या वेळी तीन रंग घेणार आहे. त्यात प्रत्येक जागी दोन धागे असतील, त्यामुळे ख आणि व पुरणार नाहीत; रंगांची आद्याक्षरं लिहून पहिल्या दहा ओळी वहीत तयार केल्या आहेत. बेरीज दहाही ठिकाणी ४१ आली आहे. रकाने अजून वाचायचेत.